चालता गरुड्या

बिरू सरांना सगळ्यांच्या पुढं उभं राहिलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस लोहाऱ्यात सापडायचा नाही. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तीन वर्षांचे तीन फोटो लावलेले आहेत. पहिल्यात सरांचा एक कान आहे, दुसऱ्यात अर्धं कपाळ आणि तिसऱ्यात हेडसरांच्या खांद्यामागून डोकावणारे थोडे केस. फोटोग्राफर ओरडून दमला, पण सर पुढं आले नाहीत. "मला समदे दिसायलेत, तुमी काढा की," एवढंच म्हणायचे. फोटोत आपण दिसायचं असतं, ही साधी गोष्ट कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला समजावून सांगायची तरी कशी!

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. माझा वर्ग आणि त्यांची कॉम्प्युटर लॅब यांच्यात एकच भिंत, तीही अशी की तिकडचं हसू इकडं व्याकरणाच्या तासाला येऊन बसायचं. सर मेंढपाळांच्या घरातले. सातवीपर्यंत वडिलांच्या मेंढरांमागं चालत, जिथं तळ पडेल तिथल्या शाळेत बसून शिकलेले. एका वर्षात पाच शाळा झाल्या, असं ते सांगायचे आणि वर म्हणायचे, "मॅडम, पाचही शाळंत म्या शेवटच्या बाकावर होतो बघा. सवय लागली ती लागली."

त्यांना पोरं मोजायचीही गरज पडत नसे. एकदा नळदुर्गच्या किल्ल्यावर सहल नेली होती. निघताना आम्ही दोघी शिक्षिका बोटं नाचवत पोरं मोजत होतो आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता. सरांनी मागून सगळ्यांवरून एकदा सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, "एक कमी हाय. हिरवी रिबीन दिसंना." हिरवी रिबीन तटाच्या सावलीत दप्तरावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. मला इतकं हायसं वाटलं की तिला रागवायचं मी विसरूनच गेले. तुम्ही कसं ओळखलंत, असं विचारलं तर सर लाजले. खांडातलं मेंढरू कुणी मोजून ओळखत नाही, चेहऱ्यावरून ओळखतात, म्हणाले. खांड म्हणजे त्यांच्याकडं कळप.

आता त्या गेमबद्दल सांगायला हवं. मला गेममधलं काही कळत नाही, हे मी तेव्हा मोठ्या अभिमानानं सांगत असे. एका उडणाऱ्या सुपरहिरोच्या गेमची मालिका होती. तिचं मूळ इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून लोहाऱ्यातल्या पोरांनी त्याला गरुड्या करून टाकलं होतं. पहिल्या दोन भागांत गरुड्या ढगांतून खाली येतो, दुष्टांना झोडपतो आणि परत वर जातो. तिसऱ्या भागात मात्र पहिल्या पाच मिनिटांतच त्याचे पंख जळतात. पुढं सगळा गेमभर तो डोंगरातल्या एका लहानशा गावात पायी हिंडतो. शेवटी वरचं धरण फुटतं आणि गावातल्या ऐंशी माणसांना पाणी यायच्या आत पुलापलीकडं न्यायचं असतं. ती माणसं काही केल्या पलीकडं जात नसत. उडायला मिळेना आणि जिंकताही येईना, म्हणून पोरं जाम चिडली होती. त्या भागाचं नाव पडलं लंगडा गरुड्या. मालिकेतला सगळ्यात टाकाऊ भाग कोणता, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

एकटे बिरू सर सोडून.

"लंगडा म्हणू नका," ते पोरांना सांगायचे. "चालता म्हणा. उडायचा तवा त्याला खालची माणसं मुंगीयेवढी दिसायची. आता त्याला त्यांची नावं ठावं झालीत."

त्यांना स्वतःला तर ती नावं माहीत होतीच, पण माणसांची दुखणीही माहीत होती. मधल्या सुट्टीत डबा खाताना ते सहज सांगायचे, त्या घड्याळवाल्या आजोबांचा गुडघा लई धरलाय, पाववाल्याची बायको रुसून माहेरी गेलीय. मला वाटलं, त्यांच्या गल्लीतली मंडळी असतील. तीन आठवडे मी न चुकता आजोबांच्या गुडघ्याची चौकशी केली, एकदा घरून निर्गुडीचा पालाही नेऊन दिला. सरांनी तो गंभीरपणे घेतला. आजोबा गेममध्ये राहतात हे मला चौथ्या आठवड्यात सातवीच्या एका मुलीनं सांगितलं. मी चिडून जाब विचारायला लॅबमध्ये गेले, तर सर म्हणाले, "पाला म्या माझ्याच गुडघ्याला बांधला, मॅडम. आराम पडला. पर तुमी इतक्या मायेनं इचारायलात, मग कसं सांगू ते खरे न्हाईत म्हणून?"

दर शनिवारी शेवटचा तास त्यांनी हेडसरांच्या मागं लागून मिळवला होता. त्या तासाला पोरं गेम खेळत आणि मग त्यावर मराठीत पानभर लिहीत. काय आवडलं, कुठं फसलं, का फसलं. माझ्या निबंधाच्या तासाला जांभया देणारी पोरं तिथं पुरवणी मागायची. मला आधी असूया वाटली आणि मग गुपचूप आनंद व्हायला लागला. हेडसरांना मात्र तो तास पहिल्यापासून खुपत होता. शाळेत खेळ म्हणजे मैदानावर, असं त्यांचं स्वच्छ मत.

सरांनी त्या तिसऱ्या भागाची बाजू मांडणारा एक व्हिडिओ करायचं ठरवलं. लिहिलेलं भाषण तपासायला माझ्याकडं आणलं आणि मी लाल पेन घेऊन तुटून पडले. न्हाय दिसलं की नाही केलं, लई दिसलं की अत्यंत केलं, माणसास्नीचं माणसांना केलं. सरांनी ते जसंच्या तसं वाचलं. व्हिडिओत एक घाबरलेला माणूस सरकारी निवेदन वाचतोय असं दिसत होतं. आठवड्याभरात तो अकरा जणांनी पाहिला, त्यात दोनदा मी. शेवटी मीच जाऊन म्हटलं, "सर, माझं चुकलं. तुम्ही लॅबमध्ये पोरांशी बोलता तसंच बोला." त्यांनी पुन्हा केला, कागदाशिवाय. "ह्यो गरुड्या पडलाय म्हणून तुमास्नी आवडंना व्हय? पडल्यावर तर माणूस कळतंय की ओ!" अशी सुरुवात होती. तो व्हिडिओ लोहाऱ्यातच काय, उमरगा-तुळजापूरपर्यंत फिरला.

आणि धाराशिवच्या ओंकारपर्यंत पोचला. ओंकार हा पंचविशीतला पोरगा, गेमवर व्हिडिओ करून जिल्ह्यात नाव झालेला. तिसऱ्या भागाला टाकाऊ ठरवण्यात त्याचाच पुढाकार होता. त्यानं जाहीर उत्तर दिलं. पूल पार करणं शक्यच नाही, ती गेम बनवणाऱ्यांची चूक आहे, सरांनी उगाच त्या चुकीला शहाणपण चिकटवू नये. पुढच्या महिन्यात धाराशिवला गेम खेळणाऱ्यांचा मेळावा आहे, तिथं सगळ्यांसमोर ऐंशीच्या ऐंशी माणसं नेऊन दाखवावीत. तीन संधी देतो.

सरांनी हो म्हटलं. ही बातमी हेडसरांना कळली आणि त्यांना हवी ती सोय झाली. "शाळेचं नाव लावून जाताय, तर जिंकून या," ते म्हणाले. "न्हाईतर शनिवारचा तास बंद. मग तिथं मी गणित घेतो."

सरांचं तोंड एवढंसं झालं. मला ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण त्यांची अडचण मला ठाऊक होती. एकोणऐंशी माणसं ते पलीकडं नेऊ शकत होते. जिल्ह्यात तेवढी कुणालाच जमली नव्हती. बाकीचे गरुड्याला पुढं पळवत, मग माणसं पांगत. काही जण मागून ढकलत, मग माणसं रस्त्यातच बसत. सरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं की ही माणसं मेंढरांसारखी चालतात. त्यांच्या मागं, जरा बाजूनं, सावकाश चालायचं. हाकलायचं नाही, आपण आहोत एवढं कळू द्यायचं. असं केलं की सगळी पुलावर चढत. पण लाल शालवाली एक बाई पुलाच्या मध्यावर यायची, थबकायची आणि उलटी फिरून घराकडं चालू लागायची. तिला आणायला जावं तर पाणी यायचं आणि पडद्यावर अक्षरं उमटायची, कुणीतरी राहिलं. दोनशे वेळा तरी सरांनी ती अक्षरं पाहिली असतील.

मेळाव्याला मी गेले, लॅबमधली पोरं गेली, हेडसरही आले. सरांच्या वडिलांची मेंढरं त्या दिवसांत धाराशिवच्या बाहेर एका शेतात खतासाठी बसवलेली होती, म्हणून मल्हारी आबाही आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डोक्याला लाल पटका. लेक शिकून काय करतो हे त्यांना नीटसं कधी कळलं नव्हतं. "दिसभर डबडं बडवतंय म्हणं. आज बघू तरी काय बडवतंय ते," असं मला म्हणून ते शेवटच्या रांगेत बसले. काठी दोन गुडघ्यांच्या मधे उभी. त्या रंगीबेरंगी दिव्यांत आणि हेडफोन लावलेल्या पोरांत आबाच तेवढे आपल्या घरी असल्यासारखे निवांत दिसत होते.

सकाळचे अकरा वाजले असतील. ओंकारनं हसत हसत सरांना मंचावर बोलावलं आणि मोठ्या पडद्यावर ते डोंगरातलं गाव उमटलं. सर खुर्चीवर टेकले आणि सुरुवात केली. पहिल्या खेपेला एकोणऐंशी. सभागृहानं आवाज केला, कारण तेवढीही कुणी पाहिली नव्हती. दुसऱ्या खेपेलाही एकोणऐंशी. लाल शाल मध्यावर थबकली, फिरली, चालू लागली. कुणीतरी हसलं. ओंकार माईकमध्ये म्हणाला, "सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण बघितलंत ना? गेमचीच चूक आहे." हेडसर घड्याळाकडं बघत होते. आमच्या पोरांनी माना खाली घातल्या. शनिवारच्या त्या तासाला लिहायला शिकलेली ती पोरं होती.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. "बिरू! ती बाई परत कामून फिरायलीय रं?"

सगळं सभागृह मागं वळलं. आबा उठून उभे होते.

सर खुर्चीतून अर्धे उठले. "आबा, गेमातली चूक हाय म्हणत्यात."

"चूक? मेंढी पाण्याच्या काठावरनं परत फिरती, ती काय चुकून व्हय? तिचं कोकरू मागं राहिलं असंल की! तिचं घर बघितलास का?"

लोक खो खो हसले. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला.

"न्हाय, आबा."

"कामून?"

सरांना मान वर करवेना. "बाई दारात एकटी उभी असती. तिला सारून घरात कसं शिरायचं?"

त्या गावातल्या प्रत्येक घराचा कोपरा न् कोपरा या माणसाला पाठ होता, फक्त त्या एका घराचा नव्हता. पडद्यावरच्या, रंगांनी बनवलेल्या, कुणा दूरदेशीच्या बाईच्या दारात हा माणूस दोनशे वेळा गेला होता आणि दर वेळी मर्यादा पाळून बाहेरूनच परतला होता. ओंकार म्हणाला, "सर, तिथं जाताच येत नाही. ती दार अडवते. मी धक्का मारूनही पाहिलाय."

"धक्का कशाला मारतूस?" आबा तिकडून कडाडले. "आरं, लांबनं हाक मार. माय, आत येऊ का म्हणून इचार. बाई न्हाय म्हणंल का?"

सर खाली बसले. तिसरी आणि शेवटची संधी होती. गरुड्या चालत चालत लाल शालवालीच्या दारापर्यंत गेला. हाक मारायचं एक बटण त्या गेममध्ये होतं. उडायची सवय असलेल्या कुणी ते कधी वापरलं नव्हतं आणि सरांनाही अनोळखी बाईला हाक मारायचा धीर झाला नव्हता. आता त्यांनी ते दाबलं आणि हात मागं घेऊन थांबले. गरुड्या दारापासून चार पावलं लांब मान झुकवून उभा राहिला. बाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग ती बाजूला झाली.

आत अंधाऱ्या खोलीत चुलीजवळ एक टोपली होती. टोपलीत दुपट्यात गुंडाळलेली तान्ही मुलगी होती, ऐंशींच्या मोजणीत न धरलेली.

ओंकारच्या हातातला माईक खाली आला.

गरुड्यानं टोपली उचलली, छातीशी धरली आणि तो पुलाकडं निघाला. पळाला नाही. बाई त्याच्या मागं निघाली. ती निघाली तसे पाववाले निघाले, घड्याळवाले आजोबा गुडघा धरून निघाले, बघता बघता सगळं गाव तिच्या मागं निघालं. कुणी पांगलं नाही, कुणी बसलं नाही. वरून पाण्याचा घोष वाढत होता. पलीकडं पोचल्यावर गरुड्यानं टोपली आईच्या हाती दिली, तो वळला आणि सगळ्या माणसांना ओलांडून परत शेवटच्या आजोबांच्या मागं जाऊन उभा राहिला. "हां! आता मागनं ये," आबा पुटपुटले. ते केव्हाच रांग सोडून मंचाजवळ आले होते. आजोबांचं पाऊल पलीकडच्या मातीवर पडलं. गरुड्याचं पडलं. पूल गेला.

अक्षरं उमटली नाहीत. त्याऐवजी काही वेगळंच सुरू झालं. जगात इतर कुणी पाहिलं असेल, नसेल, त्या सभागृहात कुणीच पाहिलं नव्हतं. गावातली माणसं चढण चढत होती, कुणी गरुड्याच्या नावानं ओरडत नव्हतं, हार घालत नव्हतं. फक्त लाल शालवाली थांबली, मागं वळली आणि सगळ्यांत शेवटी येणारा तो माणूस वर येईपर्यंत टोपली घेऊन तिथंच उभी राहिली.

मग जी शिट्टी वाजली ती आमच्या सातवीतल्या मुलीची होती. त्यानंतर कुणाचं कुणाला ऐकू येईना. पोरं खुर्च्यांवर चढली. मी वर्गात शिस्तीसाठी ओळखली जाणारी बाई, मीही चढले. हेडसर टाळ्या वाजवता वाजवता मला म्हणाले, "मॅडम, गणिताला दुसरा तास बघावा लागेल." ओंकार खिलाडूवृत्तीचा निघाला. त्यानं माईक घेऊन सांगितलं, "चूक गेमची नव्हती, माझी होती. तिसरा भाग मालिकेतला सगळ्यात चांगला आहे आणि हे मी माझ्या व्हिडिओतही सांगणार आहे." त्यानं तसं केलंही. त्याच्या व्हिडिओचं नाव होतं चालता गरुड्या.

या सगळ्या दंग्यात सर कुठं होते? मंचाच्या मागच्या कोपऱ्यात, पडद्याच्या आडोशाला. आबा त्यांच्याजवळ गेले तेव्हा मी तिथंच होते.

"समदी आली?" आबांनी विचारलं.

"आली, आबा. एक बी राहिलं न्हाय."

"मग पाणी पाज त्यास्नी," आबा म्हणाले आणि पटक्याच्या सोग्यानं डोळे पुसत दाराकडं निघाले. लेक काय काम करतो हे त्यांना त्या दिवशी पुरतं कळलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शनिवारचा तास वाढून दोन वर्गांचा झाला. सर मात्र पुढच्या वर्षी तामलवाडीकडच्या एका शाळेत कायम झाले. निरोपसमारंभाचा फोटो आहे. त्यात ते नाहीत.

परवा दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीनं सोलापूरला निघाले होते. तामलवाडीच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं ट्रक, जीप, मोटारसायकली, सगळ्यांची रांग. हॉर्न वाजत होते. खिडकीतून वाकून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला मोठं खांड बिचकून उभं होतं, डांबरावर पाऊल टाकायला तयार नव्हतं. त्यांच्या मागून एक माणूस पुढं आला. पांढरा शर्ट, पायजमा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्यानं एक कोकरू काखेत घेतलं आणि संथपणे रस्ता ओलांडला. एक मेंढी त्याच्या मागं गेली, मग दुसरी, मग सगळी. पलीकडं आबा बसलेले होते. त्यांच्याजवळ कोकरू सोडून तो माणूस परत अलीकडं आला आणि शेवटच्या मेंढराच्या मागं चालू लागला.

"सर! बिरू सर!" मी ओरडले. हॉर्नमध्ये ऐकू गेलं नसावं. पण माझ्या मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरांनी त्यांना ओळखलं. "ए, चालता गरुड्या!" म्हणत त्यांनी खिडक्यांतून हात बाहेर काढले.

सरांनी मागं पाहिलं नाही. पलीकडं पोचल्यावर त्यांनी खांडावरून एकदा सावकाश नजर फिरवली. मग वळून आमच्या रांगेवरून, पहिल्या ट्रकपासून शेवटच्या मोटारसायकलपर्यंत, तशीच नजर फिरवली. काठी उंच करून ड्रायव्हरांना जायची खूण केली. गाडी सुटली. मी वळून पाहत राहिले. मेंढरं आबांबरोबर रानात शिरली होती, पण सर अजून रस्त्याच्या कडेला काठी उंच धरून उभे होते. आमच्यातलं शेवटचं वाहन पुढं निघून गेलं, तेव्हा कुठं त्यांनी काठी खाली घेतली.